पोस्टमास्तर आणि शिलाई मशीनचा पट्टा

उपेक्षितांना न्याय मिळवून देण्याच्या भानगडीत शहाण्या माणसाने पडू नये. उपेक्षित माणूस आपल्या जागी सुखात असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे त्याला दाढीसुद्धा वेळच्या वेळी करावी लागत नाही. हाल होतात ते न्याय देणाऱ्याचे, आणि ते कुत्रं खात नाही. हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. मामांची ट्रंक घरात आली तेव्हा सुचलं नव्हतं.

मामा लेकीकडे राहायला गेले. लेकीच्या घरात ट्रंकेला जागा नव्हती. आमच्याही घरात नव्हती, पण मामा मला विचारत नाहीत, सांगतात. ट्रंकेत एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता आणि टेपच्या चपट्या खोक्यांची चळत. मामांचा जन्मभराचा छंद असा की ज्या रचनाकारांना कधी सभागृह मिळालं नाही, मानधन मिळालं नाही, वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्या नाहीत, त्यांच्या घरी हे धूड घेऊन जायचं आणि त्यांचं संगीत टिपून आणायचं. खोक्यांवर मामांच्या अक्षरात त्रोटक नोंदी होत्या. 'ड्रॉइंगमास्तर, बरा.' 'दाताचा डॉक्टर, लांबण लावतो.' आणि एकावर नुसतंच, 'पोस्टमास्तर, घरी.' मामांनी ज्याच्याबद्दल बरंवाईट काहीच लिहिलेलं नाही असा हा एकच माणूस होता, तेव्हा तो थोर असणार हे मी ताडलं.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हीच नोकरी असल्यामुळे माझा कान तयार आहे असा माझा समज होता. विस्मृतीत गेलेलं हे संगीत इंटरनेटवर जगासमोर ठेवायचं असं मी ठरवलं, आणि यंत्र उघडलं. आतला रबरी पट्टा बोट लावताच भुगा होऊन खाली पडला. असा पट्टा आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण न्यायाचं काम अडून राहत नाही. आमची ही त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. तिच्या मोटरच्या शिलाई मशीनवर बैठकीच्या खोलीचा अर्धा शिवलेला पडदा तसाच सुईखाली होता, आणि मशीनच्या बाजूला अगदी तसाच काळा गोल पट्टा दिसत होता. मी तो काढून टेपरेकॉर्डरला चढवला. किंचित सैल वाटला, पण यंत्र फिरलं. तात्पुरती सोय म्हणून एवढं चालतं.

आणि काय सांगू, पोस्टमास्तर गाऊ लागले! म्हणजे वाजवू लागले, गात दुसरंच कोणीतरी होतं. विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, संथ पुरुषी आवाज. त्याच्या मागे व्हायोलिनसारखं, पण व्हायोलिनपेक्षा अंगाने भरलेलं एक वाद्य. एकेक सूर असा रेंगाळत होता की जणू पुढच्या सुराकडे जायची त्याची इच्छाच नाही. शेवटी एक दीर्घ हुंकार आला आणि टेप संपली. माझे डोळे भरून आले.

ही संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिला बसवून पहिल्यापासून ऐकवलं. सुरुवातीला मामांच्या आवाजात "चालू करतोय" असे शब्द येतात.

"हे मामा?" ती म्हणाली.

"मग कोण?"

"मामांचा आवाज पिपाणीसारखा आहे. हा तर रेडा बोलतोय."

"तेव्हा मामा तरुण होते."

"तरुणपणी माणूस रेडा असतो आणि म्हातारपणी पिपाणी होते, असं असतं होय?" एवढं बोलून ती पडद्याकडे वळली आणि मग माझ्याकडे वळली. "अहो, माझ्या मशीनचा पट्टा कुठे गेला?"

कलेच्या इतिहासात असे क्षण येतात. मी तिला शांतपणे समजावलं की पडदा काय, पुढच्या आठवड्यातही शिवता येईल, पण एक विस्मृत रचनाकार वाट बघतोय. त्यावर ती म्हणाली, "तो इतकी वर्षं थांबलाय, त्याला घाई नाही. समोरच्या इमारतीतले लोक मात्र आपल्याला जेवताना बघतात." तरीही पट्टा यंत्रावरच राहिला. संसारात पुरुषाचे विजय फार थोडे असतात आणि ते नंतर फार महागात पडतात.

जुन्या संगीताची देवाणघेवाण करणारी एक साइट आहे. तिथे मी रेकॉर्डिंग टाकायला गेलो तर रचनाकाराचं नाव यादीतून निवडा म्हणे. पोस्टमास्तर यादीत असते तर उपेक्षित कशाला झाले असते? यादीत नवं नाव घालायचं तर त्या रचनाकाराबद्दल निदान दोन ठिकाणी छापून आलेलं असायला हवं. म्हणजे माणूस उपेक्षित आहे हे सिद्ध करायला त्याची कुठेतरी दखल घेतलेली असावी लागते! मी चिकाटीने पत्रव्यवहार केला. शेवटी त्यांनी मेहरबानी म्हणून जागा दिली, पण नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरा म्हणाले. म्हणून आजही जगाच्या संगीतकोशात त्या थोर माणसाची नोंद 'मास्तर, पोस्ट' अशी आहे.

मग वारसांच्या परवानगीचा प्रश्न निघाला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी फी घेणं सोडलं, सल्ले देणं सोडलं नाही. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीने बघायला गेलं तर तुम्ही चोर आहात."

"अहो, मी त्यांना न्याय देतोय!"

"प्रत्येक चोर हेच म्हणतो. वारसाची सही घ्या. आणि ती मिळेपर्यंत काही कबूल करू नका."

मामांना फोन केला. हल्ली त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर फक्त तेच बोलतात. त्या बोलण्यातून मी एवढंच वेचलं की पोस्टमास्तर स्टेशनजवळच्या पोस्टात होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी रोज ज्या नजरेने लोकांकडे बघतो तीच ती नजर, फक्त मी पहिल्यांदाच तिच्या दुसऱ्या बाजूला होतो.

"व्हायोलिनवाले साहेब ना? ते वारले की. घरचे आहेत."

"पत्ता मिळेल?"

"पत्ता देता येत नाही. गोपनीय असतो."

"मग मी त्यांना गाठू कसा?"

"पत्र टाका," तो म्हणाला. "पोचवायचं कामच आहे आमचं."

मी पत्र टाकलं. त्यात मी पोस्टमास्तरांच्या वारसांना कळवलं की आपल्या घरातल्या रत्नाला मी मातीतून वर काढलं आहे, तरी सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. उत्तर आलं नाही. साइटवाल्यांनी 'परवानगी मागितली आहे' अशी पाटी लावून रेकॉर्डिंग चालू ठेवलं, आणि मीही ते पत्र विसरलो, कारण मध्यंतरी मी प्रसिद्ध झालो होतो.

ही प्रसिद्धी मला एका प्राध्यापकांनी मिळवून दिली. ते त्या साइटवरचं बडं प्रस्थ. त्यांनी पोस्टमास्तरांवर लांबलचक लेख लिहिला. 'इतकी संथ लय धरायला आयुष्यभराचं दुःख लागतं,' असं त्यात होतं. पोस्टात बसून लोकांच्या सुखदुःखाची पत्रं हाताळणाऱ्या माणसाची विरक्ती प्रत्येक सुरात उतरली आहे म्हणे. ते वाद्य व्हायोलिन नव्हेच, पोस्टमास्तरांनी स्वतःच्या हातांनी घडवलेलं असावं. गाणारा अज्ञात पुरुष हा कोणी एकांतवासी असावा. आणि शेवटचा तो हुंकार! त्या हुंकारावर स्वतंत्र परिच्छेद होता. हुंकारात शब्द नाहीत, कारण तिथे शब्द संपतात.

देशोदेशीचे लोक हा लेख वाचून ऐकायला आले आणि रडून गेले. एकाने लिहिलं की तो रोज हे ऐकतो आणि मग त्याला कामावर जावंसंच वाटत नाही. आमच्या खात्यात साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये स्वतःहून बसायला खुर्ची दिली. मोठ्या वाचनालयाने तर कार्यक्रमच ठरवला. विषय, 'विरक्तीची लय'. वक्ते प्राध्यापक, आणि संशोधक म्हणून मी. संशोधक! मी तो शब्द फोनवर बऱ्याच जणांना वाचून दाखवला. ही मात्र बिनपडद्याच्या खिडकीला जुनी चादर टाचत होती.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात एक म्हातारी बाई, आणि त्यांना हाताला धरून त्यांची मुलगी. मुलगी कुठल्याशा इस्पितळात नर्स होती. म्हाताऱ्या बाईंच्या हातात माझं पत्र होतं.

"मी पोस्टमास्तरांची बायको," त्या म्हणाल्या. "तुमच्या मामांच्या किती मागे लागले असेन मी. म्हटलं, एकदा तरी ऐकवा. दर वेळी म्हणायचे, यंत्र बिघडलंय. आता तुमचं पत्र आलं."

मुलगी म्हणाली, "आईला बाकी काही नको. फक्त एकदा ऐकायचंय. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण संशोधक दुसऱ्याचं ऐकत नाही. मी त्यांना बसवलं. चादर वाऱ्याने सुटून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, तरी त्या हलल्या नाहीत. मी कळ दाबली. तो खोल आवाज खोलीभर पसरला. बाई पुढे वाकून ऐकू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हा कोण गातोय?"

"गायकाचं नाव कळत नाही, बाई. पण मोठ्या ताकदीचा पुरुष गायक आहे असं प्राध्यापकांचं मत आहे."

"हे तर मी गायलं होतं."

"आपण दुसऱ्या वेळी कधीतरी गायला असाल," मी त्यांना समजावलं. एखाद्याच्या घरी पाणी येत नाही हे तो माणूस स्वतः सांगत असताना आमच्या कागदांप्रमाणे ते येतंय, हे मी ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात. "या टेपवर पुरुष आहे. यावर लेखही छापून आलाय."

बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. रेकॉर्डिंग संपलं, हुंकारही होऊन गेला. मग त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी तुझे बाबा मला म्हणाले होते, छान झालं. जेवतानाही तेच म्हणत होते. मागाहून या गायकाला बोलावून त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतलं असेल." मग पत्राची घडी घालत म्हणाल्या, "मला सांगायचं तरी."

मी म्हणालो, "त्या काळी तशी पद्धत असेल." माणसाच्या तोंडून मूर्ख वाक्यं किती सहज निघतात याचा नमुना म्हणून हे वाक्य जपून ठेवायला हवं. आमच्या हिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने परवानगीचा कागद पुढे केला.

"सही कुठे करायची?" बाईंनी विचारलं. त्यांनी कागदावर सावकाश सही केली. ज्या माणसाने आपली जागा घेतली असं त्यांना वाटत होतं, त्याचं गाणं जगाला ऐकवायची परवानगी दिली, आणि मुलीचा हात धरून जिना उतरल्या. चहासुद्धा घेतला नाही.

दार लागल्यावर ही सरळ टेपरेकॉर्डरपाशी गेली आणि पट्टा उपसून काढला.

"अगं, काय करतेस?"

"पडदा शिवतेय. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांवर ऊन येत होतं आणि तुम्ही तिला पद्धत सांगत होता."

"येत्या रविवारी कार्यक्रम आहे! मला अजून दोन टेप उतरवायच्या आहेत!"

तिने खणातून दुसरा पट्टा काढून माझ्यासमोर टाकला. "हा घ्या. तुम्ही माझा पळवल्यावर मी दुसरा आणला होता. दुकानदाराने एक माप लहान दिला, माझ्या मशीनला बसला नाही. लावा तुमच्या डब्याला."

तो पट्टा बसला. नुसता बसला नाही, गच्च बसला. चालतंय का बघावं म्हणून मी यंत्रावर अजून चढवलेली तीच टेप मागे घेतली आणि सुरू केली, आणि खोलीत मामा किंचाळले, "चालू करतोय!" हुबेहूब मामा. फोनवर येतात तेच मामा, तीच पिपाणी. ही शिवायची थांबली.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. व्हायोलिन, साधं, दुकानात मिळणारं व्हायोलिन, उड्या मारत निघालं आणि त्याच्या जोडीने एक बाई गाऊ लागली. आवाज जरा जाडसर, पण काय ठसकेदार! दुःखाचा त्यात मागमूस नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी घर आवरताना माणूस गुणगुणेल अशी ती चाल होती. आणि ज्या हुंकारात प्राध्यापकांचे शब्द संपले होते, तिथे एक पुरुष हसत, भरभर म्हणाला, "छान झालं! अगदी छान झालं!"

मी खाली बसलो. सैल पट्टा घसरत होता, यंत्र रेंगाळत होतं, आणि त्या रेंगाळण्याला मी विरक्ती म्हणून साऱ्या जगात फिरवून आणलं होतं.

"मी म्हटलं होतं ना, रेडा बोलतोय," ही म्हणाली. पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. ती डोळे पुसत होती.

वकिलांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "कोणी विचारलंय का? मग बोलू नका." मला सल्ला पटला. खोटं कशाला सांगू, फार पटला. साहेबांनी दिलेली खुर्ची, संशोधक हा शब्द, छापून झालेल्या निमंत्रणपत्रिका, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी हिला म्हणालो की कार्यक्रम होऊन जाऊ दे, नंतर बाईंच्या घरी जाऊन खाजगीत ऐकवू.

"आणि तोपर्यंत ती बाई नवऱ्याला मनातल्या मनात काय काय विचारत बसेल? तो उत्तर द्यायला आहे का?"

यावर कायद्यात उत्तर नाही. कार्यक्रमाला बोलवायला मी बाईंना फोन केला, पण मुलीने सांगितलं की आई येणार नाही म्हणते. मग ही स्वतः गेली. काय बोलली मला ठाऊक नाही, पण कार्यक्रमाच्या दिवशी बाई पहिल्या रांगेत होत्या, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून.

प्राध्यापक सुरेख बोलले. इतके सुरेख की मलाही पुन्हा वाटू लागलं की पोस्टमास्तर दुःखीच असले पाहिजेत. मग मी उभा राहिलो. आदल्या दिवशी पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "आधी ऐकू या," आणि नवं रेकॉर्डिंग सुरू केलं.

मामा किंचाळले. सभागृहात चुळबुळ झाली. व्हायोलिन उड्या मारू लागलं तसे लोक एकमेकांकडे बघू लागले. रडायच्या तयारीने आलेल्या माणसांची मोठी फसगत झाली होती. एकीने हातात काढून ठेवलेला रुमाल परत पर्समध्ये टाकला. प्राध्यापक मध्येच उठून हसत म्हणाले, "यंत्रात काहीतरी बिघाड दिसतो, वेग वाढलाय."

"नाही," मी म्हणालो. "बिघाड आधीचा. आधीच्याला शिलाई मशीनचा सैल पट्टा लावला होता."

असा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. साहेब हसले, वाचनालयाचे शिपाई हसले, मागे बसलेले वकील तर सगळ्यांत मोठ्याने हसले. लाज वाटून माझे कान तापले. पण त्या हशातही माझं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. बाई हसत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या गात होत्या, अगदी हळू, टेपमधल्या तरुण बाईच्या मागे मागे, थोड्या अडखळत. गाणं संपलं आणि पोस्टमास्तर हसत म्हणाले, "छान झालं! अगदी छान झालं!"

बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला. "ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "मलाच म्हणाले."

त्यानंतर प्राध्यापकांनी दुसरा लेख लिहिला. ही भरभर चालणारी आवृत्ती बनावट आहे, किंवा खरी असलीच तर पोस्टमास्तरांच्या अपरिपक्व काळातली आहे, असं त्यांनी त्यात सिद्ध केलं. संथ रेकॉर्डिंग काढून टाकायला मी अर्ज केला, पण साइटवाले म्हणाले की ते आता वारसा या सदरात गेलं आहे, ते काढायला दोन ठिकाणी छापून आलेला आधार लागेल. त्यामुळे जग अजून तेच ऐकतं आणि रडतं. खात्यातली खुर्ची परत गेली. आमच्या खिडकीला पडदा लागला.

खरं रेकॉर्डिंगही मी साइटवर टाकलं, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. जे येतात ते मला शिव्या देऊन जातात. पण परवा तिथे नवा अभिप्राय दिसला. पोस्टमास्तरांच्या मुलीने लिहिलेला होता. 'आई रोज ऐकते. तुम्हाला कळवायला सांगितलंय की सगळं छान आहे, आवाज अगदी तिचाच आहे. फक्त बाबांनी जरा घाई केली. ती त्यांना तेव्हाही सांगत होती, थोडं हळू वाजवा.'